चौकोनांवरचं युद्ध आणि न खपलेल्या कॅसेटची किंमत

१७३७ चा डिसेंबर. दिल्लीच्या बादशहाने मोठ्या भरवशाने धाडलेला निजाम-उल्-मुल्क जंगी फौज आणि जड तोफखाना घेऊन माळव्यात उतरला, आणि बाजीरावाशी गाठ पडताच भोपाळच्या कोटाच्या आडोशाला गेला. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला तट, तोंडाशी तोफा. जागा बेलाग होती. त्या तोफांना उत्तर देईल असा तोफखाना बाजीरावाकडे नव्हता, म्हणून तो समोरून भिडलाच नाही. त्याने वाटा धरल्या. दाणावैरण बंद केली. दक्षिणेतून निजामाचा मुलगा नासिरजंग कुमक धाडील हे ओळखून चिमाजी आप्पाला तापीच्या बाजूला आडवं राहायला सांगितलं. अवध आणि कोट्याकडून येणारी मदत होळकर-पवारांनी वाटेतच परतवली. भुकेने हैराण झालेला निजाम तोफांच्या आडून इंच इंच सरकत बाहेर पडू पाहत होता; अखेर जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळच्या दोराह्याला त्याने तह केला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो दुराईसराईचा तह म्हणून येतो. नर्मदा ते चंबळ सारा मुलूख मराठ्यांना, वर ५० लाख रुपये.

आता ही लढाई चौकोनांच्या पटावर मांडा. तलावाची घरं कुणालाच ओलांडता येत नाहीत. कोटाच्या दारात एका वेळी एकच शिपाई मावतो. तोफेचा मारा अमुक घरांपर्यंत, घोडेस्वाराची धाव तमुक घरांपर्यंत, झाडीत शिरलं की दोन्ही कमी. एक खेळी तुमची, एक शत्रूची. मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार, चिमाजी आप्पा ही नुसती लाकडी मोहरी नव्हेत. प्रत्येकाला नाव आहे, चेहरा आहे, स्वभाव आहे, आणि लढाईगणिक त्यांचं कसब वाढत जातं. शेवटी एकच जीवघेणी अट घाला: जो पडला तो कायमचा पडला, पुढच्या लढाईत तो नसणार. वर चवीपुरते दोन ड्रॅगन आणि एखादा मांत्रिक टाका. झाला तुमचा फँटसी टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेम तयार.

या जातीच्या खेळांची रीत ज्याने घालून दिली तो 'फायर एम्ब्लेम' जपानमध्ये २० एप्रिल १९९० रोजी आला. खेळ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी होता, घडवला होता इंटेलिजंट सिस्टिम्स या त्यांच्याच गोतावळ्यातल्या कंपनीने, आणि कल्पना होती शोझो कागा या माणसाची. याच कंपनीने दोन वर्षांपूर्वी 'फॅमिकॉम वॉर्स' काढला होता. त्यात रणगाडे होते, पायदळ होतं, पण ती नुसती संख्या होती. एक रणगाडा फुटला की कारखान्यातून दुसरा काढायचा. कागांना हे पुरेसं वाटलं नाही. शिपायाला नाव दिलं तर? तो मेल्यावर खेळणाऱ्याला चुटपुट लागली तर? राज्य गमावलेला राजपुत्र मार्थ आणि त्याच्याभोवती एकेक करून जमणारी माणसं अशी गोष्ट त्यांनी रचली. सुरुवातीला दुकानात खेळ हळूहळू हलत होता. लढाई आणि गोष्ट ही सरमिसळ लोकांना कळायला वेळ लागला. मग एकाने दुसऱ्याला सांगत सांगत त्याची कीर्ती पसरली.

ही कल्पना आकाशातून पडली नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. बुद्धिबळाचं मूळ रूप असलेलं चतुरंग इथून इराणात गेलं, तिथून अरबांकडे, तिथून युरोपात. अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन मुलखातल्या हेलविग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यात डोंगर, नद्या, तोफा घातल्या. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्याने असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. त्या परंपरेतून शिशाच्या शिपायांचे हौशी खेळ आले आणि त्यांतून १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', जिथे एका मोहऱ्यामागे एक माणूस, त्याची कुंडली, त्याचं नशीब. जपानी मंडळींनी ते सारं पुन्हा पडद्यावरच्या चौकोनांत बसवलं. मोहऱ्याला जीव फुटायला हजारावर वर्षं लागली.

या खेळांच्या पोटातली एक गंमत मला सगळ्यांत जास्त चक्रावून टाकते. तुम्ही शत्रूवर वार करायला निघालात की पडदा सांगतो: वार बसण्याची शक्यता ९०. आत यंत्र ० ते ९९ मधला एक आकडा काढतं. तो ९० पेक्षा लहान निघाला की वार बसला. सरळ हिशोब. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतले पहिले पाच खेळ याच हिशोबावर चालले. पण माणसाचं मन सरळ हिशोबाचं नाही. ९० म्हटलं की आपण ते 'बसणारच' असं ऐकतो. दहातला एक वार हुकतोच, आणि तो नेमका आपला लाडका घोडेस्वार मरताना हुकतो, तेव्हा 'यंत्र लबाड आहे' अशी आपली खात्री पटते.

म्हणून २००२ साली आलेल्या सहाव्या खेळापासून घडवणाऱ्यांनी गुपचूप एक बदल केला. आता यंत्र एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेऊ लागलं. ऐकायला किरकोळ वाटतं. कागद-पेन्सिल घेऊन पाहा. वार हुकायचा तर दोन्ही आकडे मिळून १८० किंवा त्याहून जास्त भरले पाहिजेत, म्हणजे दोघांनीही एकाच वेळी वरचं टोक गाठायला हवं. एकूण जोड्या १००००. त्यांतल्या असं करणाऱ्या जोड्या १९०. म्हणजे पडद्यावर ९० दिसत असताना वार बसण्याची खरी शक्यता ९८.१ टक्के! उलट बाजूने, शत्रूच्या वाराची शक्यता १० दिसते तेव्हा ती खरी २.१ टक्केच असते. ५० च्या आसपास मात्र फारसा फरक पडत नाही. खेळणाऱ्याने चांगली जागा धरली, झाडीचा आडोसा घेतला, तर नशीब त्याच्या बाजूने जरा जास्तच झुकतं. सरळ हिशोबाच्या यंत्रावर लबाडीचा आरोप होत होता. लबाडी सुरू केल्यावर लोकांना खेळ न्याय्य वाटू लागला. संभाव्यतेचा तास शाळेत घ्यायचा तर मी फासे बाजूला ठेवून हेच उदाहरण घेईन.

आता भोपाळकडे वळू. नव्वदीच्या दशकात इथल्या न्यू मार्केटपासून पुण्याच्या लक्ष्मी रोडपर्यंत जे 'टीव्ही गेम' विकले जात, समुराई, लिटल मास्टर, मीडिया वगैरे, त्यांतले बहुतेक संच त्याच जपानी फॅमिकॉमच्या आराखड्यावर बेतलेले होते. अमेरिकेत निन्टेन्डोने कॅसेटच्या तोंडाला ७२ पिना ठेवल्या होत्या, जपानात ६०. आपल्याकडच्या त्या डब्यांची खाच सहसा ६० पिनांची असे. म्हणजे तोक्योच्या दुकानातली १९९० ची 'फायर एम्ब्लेम'ची कॅसेट इथल्या अरेरा कॉलनीतल्या एखाद्या घरच्या डब्यात खटकन बसली असती. मग आपल्यापैकी कुणालाच ती कशी दिसली नाही? आपण मारिओ खेळलो, काँट्रा खेळलो, रणगाड्यांचा तो बॅटल सिटी खेळलो. मार्थचं नावही ऐकलं नाही.

कारण कॅसेटच्या पोटात आहे. 'फायर एम्ब्लेम'ची कॅसेट उघडली तर हिरव्या पाटीवर चार गोष्टी दिसतात. एक, खेळ छापलेल्या रॉम चिप. सारा खेळ, गोष्ट, नकाशे, चेहरे, संगीत धरून ४०० किलोबाइटांच्या आत. आजच्या फोनने काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट भरतो. दोन, एमएमसी ४ नावाची मदतनीस चिप. ही चिप केवळ तीन खेळांत वापरली गेली आणि तिन्ही याच कंपनीचे. तिचं काम ऐकण्यासारखं आहे: चित्रातला एक ठरावीक तुकडा पडद्यावर उमटत असतानाच ती चित्रांचं पान उलटते, त्यामुळे यंत्राच्या तुटपुंज्या कुवतीपेक्षा जास्त चित्रं एकाच पडद्यावर मावतात. तीन, आपण कुठवर आलो ते टिपून ठेवणारी लहानशी स्मृती. आणि चार, ती स्मृती जागी ठेवणारी नाण्याएवढी लिथियम बॅटरी.

आपल्या बाजारातल्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये रॉम चिप सोडली तर यातलं काहीच नसे. तिथे हिशोब स्वस्ताईचा: एका चिपवर छोटे छोटे खेळ कोंबायचे, तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा मोजायचे, बॅटरीचा खर्च वाचवायचा. अर्ध्या तासात मरून पुन्हा सुरू करायचा खेळ त्यात चालतो. पंचवीस लढायांची, अनेक रात्रींची मोहीम कुठे चालणार? त्यातून सगळा मजकूर जपानीत. एका बॅटरीच्या काटकसरीने भारतातल्या एका पिढीची खेळांची आवड ठरवून टाकली, असं मी म्हणेन. उड्या आणि गोळीबार आपल्याला पाठ. डावपेचांचे खेळ मात्र आपल्याकडे आले ते संगणकावरून, उशिरा, इंग्रजी वाचणाऱ्या मोजक्या घरांत.

त्या बॅटरीची गोष्टही थोडी सांगतो. सीआर २०३२ जातीच्या अशा बॅटरीत साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. स्मृतीची चिप स्वस्थ बसून असताना मायक्रोअँपिअरभर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग एवढीच वीज पिते. भागाकार केला तर पंचवीस वर्षं निघतात. त्यामुळे जपानच्या जुन्या बाजारातून आणलेली कॅसेट आज लावली तर कधी कधी तिच्यात १९९० च्या दशकातल्या कुणा मुलाचा अर्धवट खेळ तसाच उभा असतो: कोण जगलं, कोण मेलं, कुठल्या लढाईवर तो थांबला. बॅटरी बदलायला जावं तर जुनी काढताक्षणी ते सगळं पुसलं जातं. ती बदलायची की नाही, यावर संग्राहकांमध्ये चक्क दोन तट आहेत.

आणि किंमत? इथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. सगळ्यांत जुना, सगळ्यांचा बाप असलेला १९९० चा पहिला खेळ सर्वांत महाग असेल असं वाटतं. तसं नाही. त्याची सुटी कॅसेट जपानमध्ये आजही अगदी स्वस्तात मिळते, कारण पुढे ती लाखांनी खपली आणि घराघरांतून बाहेर पडत राहिली. उलट याच मालिकेतला, २००५ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रासाठी आलेला 'पाथ ऑफ रेडियन्स' पाहा. अमेरिकेत तो ५० डॉलरला मिळत होता. आज वापरलेली चकतीसुद्धा त्याच्या कित्येक पट भावाने जाते. खेळ उत्तमच आहे, पण नुसत्या उत्तमपणाने भाव चढत नाही. स्क्वेअरचा १९९७ चा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' अनेकांच्या मते या जातीचा मुकुटमणी आहे. जपानमध्येच त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या, अमेरिकेत पुढे स्वस्त आवृत्तीही निघाली, म्हणून त्याची सुटी चकती अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे.

मग 'पाथ ऑफ रेडियन्स'चं काय झालं? तो अमेरिकेत आला ऑक्टोबर २००५ मध्ये. गेमक्यूबचे दिवस भरत आले होते. पुढच्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० हे नवं प्रतिस्पर्धी यंत्र दुकानात लागणार होतं. मरणाऱ्या यंत्रासाठी लांबलचक, विचार करायला लावणारा खेळ कोण घेणार? थोडे घेतले गेले, थोडे छापले गेले. मग सात-आठ वर्षं गेली. या मालिकेचा पुढचा खेळ अडीच लाखसुद्धा खपला नाही तर मालिकाच बंद करायची, असं निन्टेन्डोत ठरत होतं. शेवटचाच म्हणून जीव ओतून केलेला तो खेळ, 'अवेकनिंग', २०१२ मध्ये जपानात आणि २०१३ मध्ये अमेरिकेत आला आणि तडाखेबंद खपला. लाखो नव्या चाहत्यांना एकाएकी जुने खेळ हवेसे झाले. चाहते लाखांनी, चकत्या होत्या तेवढ्याच. जुन्या वस्तूची किंमत वयावरून किंवा गुणावरून ठरते हा गोड समज आहे. ती ठरते एका दरीवरून: ज्या दिवशी वस्तू छापली त्या दिवशी ती हवी असणारे किती थोडे होते, आणि आज किती जास्त आहेत. त्या वेळच्या अपयशाचे पैसे आजचा गिऱ्हाईक भरतो.

या दरीचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणजे मालिकेतला पाचवा खेळ, 'थ्रेशिया ७७६'. १९९९ साली सुपर फॅमिकॉम हे यंत्र नऊ वर्षांचं म्हातारं झालं होतं. प्लेस्टेशन येऊन पाच वर्षं झाली होती. अशा यंत्रासाठी नव्या कॅसेटी छापणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. तेव्हा जपानमध्ये एक अजब सोय होती. लॉसन नावाच्या किराणा-फराळाच्या साखळी दुकानांत एक यंत्र ठेवलेलं असे. आपली पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कॅसेट घेऊन जायचं, पैसे भरायचे, दुकानातला माणूस ती यंत्रात घालून हवा तो खेळ तिच्यावर लिहून द्यायचा. आधीचा पुसून नवा. 'थ्रेशिया' आधी असा आला. छापील, कायमची कॅसेट आली जानेवारी २००० मध्ये, प्लेस्टेशन २ यायला जेमतेम दोन महिने उरले असताना.

पुसून लिहायच्या कॅसेटमध्ये खेळ फ्लॅश चिपवर असतो. तिथे अक्षरं म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेली वीज. ती वर्षानुवर्षं झिरपत जाते. छापील रॉममध्ये अक्षरं चिप घडवतानाच तिच्या अंगात कोरलेली असतात, ती झिरपत नाहीत. त्यामुळे ती उशिरा आलेली, कुणाला फारशी नको असलेली छापील कॅसेट टिकायची म्हणून धरा, थोडी निघाली म्हणून धरा, संग्राहकांच्या यादीत वर चढत गेली. खेळही तसाच कडक. यात माणसं लढून लढून थकतात आणि पुढच्या लढाईला बसून राहतात. शत्रूला मारण्याऐवजी पकडून त्याचं हत्यार काढून घेता येतं. आणि वार बसण्याची शक्यता कितीही चांगली असली तरी ९९ च्या वर जात नाही, कितीही वाईट असली तरी १ च्या खाली येत नाही. खात्री नावाची चीज त्या खेळात नाहीच. मला वाटतं, निजामाच्या छावणीतल्या माणसाला 'थ्रेशिया' लगेच समजला असता.

कॅसेटपेक्षा तिचा पुठ्ठ्याचा खोका महाग, हाही या बाजाराचा एक चमत्कार. त्याला कारण साधं आहे. कॅसेट प्लॅस्टिकची, ती उरते. खोका मुलांनी पहिल्याच दिवशी फाडला किंवा आईने दिवाळीच्या आवरासावरीत काढून टाकला. आतली माहितीपुस्तिका, नकाशा, दुकानाची पट्टी असं सगळं जागच्या जागी असलेली प्रत सुट्या कॅसेटच्या कित्येक पट भावाने जाते. आणि प्लॅस्टिकचं वेष्टनही न फाडलेली असेल तर विचारूच नका. अमेरिकेत अशा प्रती पारदर्शक पेटीत कायमच्या बंद करून त्यांना गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची अशी एक बंद प्रत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. मारिओ ६४ जगात कोटीच्या घरात खपलेला खेळ आहे! दुर्मीळ होती ती फक्त न फाडलेल्या कागदाची अवस्था. माझं मत विचाराल तर ही संग्रहाची हौस नव्हे, हा सट्टा. जो खेळ उघडून पाहायचा नाही त्यात आत खेळ आहे की विटेचा तुकडा, याने काय फरक पडतो?

निन्टेन्डोला हे कळलं असावं, कारण २०२० मध्ये त्यांनी कमाल केली. पहिला 'फायर एम्ब्लेम' तीस वर्षांत कधीही अधिकृतपणे इंग्रजीत आला नव्हता. ४ डिसेंबर २०२० रोजी तो स्विच या यंत्रावर आला, आणि ३१ मार्च २०२१ नंतर विकायचा बंद केला. सोबत ५० डॉलरची संग्राहकांसाठीची पेटी होती. तिच्यात काय? एक जाड चित्रपुस्तक, एक नकाशा, एक चिमुकलं मासिक, खेळ उतरवून घेण्याचा कोड, आणि अमेरिकन पद्धतीच्या कॅसेटची पारदर्शक प्रतिकृती. ती कुठल्याच यंत्रात चालत नाही. शिवाय १९९० साली अमेरिकेत हा खेळ आलाच नव्हता, तेव्हा ही प्रतिकृती ज्या कॅसेटची, ती कॅसेट जगात कधीच अस्तित्वात नव्हती. जी वस्तू झालीच नाही तिची नक्कल, आणि तीही चढ्या भावाने पुन्हा विकली जाते!

हसण्याआधी आपल्या सावंतवाडीचा गंजिफा आठवावा. दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची पानं. लाखेचं काम, हाताची रंगरेषा. आज तो संच हौसेने विकत घेणाऱ्या किती जणांना त्याचा एक डाव तरी खेळता येतो? खेळ विसरला गेला की उरते ती कारागिरी, आणि कारागिरीला भाव येतो.

म्हणूनच खेळणाऱ्या संग्राहकाबद्दल मला आदर आहे. २०२५ साली 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा कळलं की मूळ खेळाचा सोर्स कोड कंपनीकडे उरलाच नव्हता. त्या काळी परदेशी भाषांतल्या आवृत्त्या करताना जुन्यावर नवं लिहिलं जाई. जपून ठेवायची रीत नव्हती. घडवणाऱ्यांना आपलाच खेळ बाजारात गेलेल्या आवृत्त्यांवरून पुन्हा जुळवावा लागला. लाखांनी खपलेल्या, नावाजलेल्या खेळाची ही गत, तर थोड्या खपलेल्यांचं काय होत असेल? असे खेळ उरतात ते कुणाच्या तरी कपाटातल्या चकतीत आणि कॅसेटीत. आपल्याकडचे खेळ तर त्याहून पोरके आहेत. पायरोडॅक्टिल या छोट्या भारतीय चमूने लोकवर्गणीतून केलेला 'अनरेस्ट' २०१४ मध्ये आला. भीमरा नावाचं काल्पनिक प्राचीन शहर, दुष्काळ, नागलोकांशी तह. लढायांपेक्षा बोलण्याचाच खेळ, पण आपल्या मातीचा. मी तो घेतला तो इंटरनेटवरून उतरवून. कपाटात ठेवायला, नातवाला दाखवायला, तीस वर्षांनी कुणाला विकायला हातात काही नाही.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. माळ्यावर जुना टीव्ही गेम असेल तर कबाडीवाल्याला देण्याआधी कॅसेटी नीट पाहा. '९९९९ इन १' असेल तर तिच्यापासून फार आशा ठेवू नका. आठवण म्हणून ठेवा. जपानी अक्षरांची, एकाच खेळाची, चांगल्या छपाईची निघाली तर ती जपानहून खरंच आलेली असू शकते. तिच्या तोंडात फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी लहानपणी मारली, पण खेळ चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळे. फुंकरीतली ओल पिनांना गंजवते, आणि भोपाळच्या पावसाळ्यात आधीच ओल कमी नसते. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसा. बॅटरी बदलायची असेल तर आतला जतन केलेला खेळ आधी उतरवून घेणारा माणूस गाठा, मगच सोल्डरिंग आयर्न तापवा. इंटरनेटवर महागडी 'फायर एम्ब्लेम' स्वस्तात दिसली तर ती नकली धरूनच चला. या मालिकेतल्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटींच्या नकला बाजारात रग्गड आहेत. आणि विकायचं ठरवलंच, तर त्याआधी एकदा खेळून पाहा.